गोव्यात रिटायर होऊन राहायला येताय? आधी दुपारी झोपायला शिका

आम्ही दोघं २०२२ च्या दिवाळीनंतर हळदोण्याला राहायला आलो. मी कोल्हापुरात पोस्टात होते, हे रेल्वेत, मुलगी बंगळूरला, मग म्हटलं फ्लॅटमध्ये बसून कुणाची वाट बघायची, आणि निघालो. आंबोली उतरून बांदा, पत्रादेवी, झालं की गोवा, आपलीच माणसं, मराठी कळतं सगळ्यांना, त्यात काय नवीन शिकायचंय असं वाटत होतं. पहिले सहा महिने आम्ही रोज काहीतरी चुकत होतो. परदेशी गेलेला माणूस निदान तयारीने जातो हो, आपण शेजारच्या राज्यात येतो आणि तयारी शून्य. आता ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारत असतं की आम्हीपण येऊ म्हणतोय, काय काय बघायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिला आठवडा: घड्याळ लावून घ्या

कामं सकाळी. सगळी कामं सकाळीच. एक वाजला की छोटी दुकानं शटर ओढतात ती साडेतीन-चारला उघडतात, काही तर थेट साडेचारला, हार्डवेअर, शिंपी, झेरॉक्स, गावातली फार्मसीसुद्धा (मेडिकल म्हणायचं नाही, फार्मसी, बोर्डावर तेच लिहिलेलं असतं). आम्ही पहिल्या दिवशी दुपारी दीडला बल्ब आणायला निघालो, उन्हात दोन किलोमीटर चालत, आणि सगळा बाजार असा बंद की मला वाटलं कुणीतरी मोठा माणूस गेला. तिथे एकच बाई पायरीवर बसलेली, ती म्हणाली "मागीर यो गो, चारांक." मागीर म्हणजे नंतर. हा शब्द पहिला पाठ करा. आणि फाल्यां म्हणजे उद्या, पण "फाल्यां यो" म्हणजे उद्याच असं नाही, दोन-तीन दिवसांनी विचारा असाही अर्थ निघतो, तो आवाजावरून कळायला लागतो.

यावरून कुणाला आळशी म्हणायला जाऊ नका आणि तो सुशेगाद (म्हणजे निवांत) शब्द तर गोंयकारांसमोर काढूच नका, टुरिस्ट वापरतात तो. आमचा पोदेर पहाटे पावणेसहाला दारात असतो, त्याची भट्टी त्याच्या आधी कधी पेटत असेल विचार करा.

पोदेर म्हणजे पाववाला. सायकल, मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक आणि पों पों भोंगा. सकाळी आणि परत संध्याकाळी येतो. तो थांबत नाही जास्त, भोंगा ऐकला की सुट्टे पैसे घेऊन फाटकात उभं राहायचं, नाहीतर पिशवी फाटकाला अडकवून ठेवायची आणि महिन्याचा हिशोब करायचा. आता इथे आमची पहिली फजिती. ह्यांनी विचारलं काय आहे, तो म्हणाला पाव, उंडो, पोळी, कांकण. हे खुश, म्हणाले चार पोळ्या दे. आत घेऊन आले तर चार गोल फुगलेले कोंड्याचे पाव! गोव्यात पोळी म्हणजे ती, पोईपण म्हणतात. शुगरवाल्यांना तीच बरी, मैद्याच्या पावापेक्षा. उंडो म्हणजे कडक कवचाचा गोल, कांकण म्हणजे बांगडीसारखा, चहात बुडवायला.

तसंच पावभाजीचं. हॉटेलात पावभाजी मागितली तर बटाट्याची नाहीतर वाटाण्याची पातळ भाजी आणि पाव येतो, मुंबईवाली तव्यावरची नाही. सकाळी नऊच्या आत जा, दहानंतर भाजी संपलेली असते.

बोलायचं कसं

मराठी सगळ्यांना कळते, हिंदू घरांत तर वाचतातही, इथे मराठी पेपर निघतात, गोमन्तक १९६२ पासून आहे, देवळांच्या जत्रेत गावातली मंडळी स्वतः मराठी नाटक बसवतात आणि रात्रभर चालतं. त्यामुळे आपल्याला वाटतं की इथली भाषा म्हणजे मराठीच, जरा वेगळी. ते मनात ठेवा, तोंडात आणू नका. कोकणी ही मराठीची बोली आहे हे वाक्य ह्यांनी एकदा बसस्टॉपवर सहज टाकलं आणि शेजारचे एक काका जे सुरू झाले ते बस येईपर्यंत थांबले नाहीत. १६ जानेवारी १९६७ ला इथे ओपिनियन पोल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर, आणि लोकांनी नाही सांगितलं. मग ऐंशीच्या दशकात भाषेचं आंदोलन, १९८७ चा राजभाषा कायदा, त्यात देवनागरी कोकणी राजभाषा आणि मराठीचाही सरकारी कामात वापर, आणि १९९२ ला कोकणी आठव्या अनुसूचीत. ज्यांनी हे सगळं बघितलंय ती माणसं आता आपल्याच वयाची आहेत, बाकावर आपल्याच शेजारी बसतात. ह्यांच्यासारखं करू नका.

दुसरं, तूं. म्हापशाच्या बाजारात मासेवालीने मला विचारलं "कितें जाय गो तुका?" मला काही वाटलं नाही पण ह्यांना "तुका कितें जाय रे" म्हटल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, छत्तीस वर्षं साहेब ऐकलेला माणूस. त्यात अपमान नसतो हो. कोकणीत आई-बापाला, देवाला सगळ्यांना तूं चालतं. आपण मात्र बाय, बाब, मावशी असंच बोलायचं, ख्रिश्चन घरात आंटी-अंकल. कामापुरतं एवढं आलं तरी पुरे: कितलें म्हणजे केवढ्याला, जाय म्हणजे पाहिजे, नाका म्हणजे नको, आसा म्हणजे आहे, रावय म्हणजे थांबव (बसमध्ये लागतंय), आणि निघताना जाते म्हणायचं नाही, "येतां". धन्यवादला "देव बरें करूं". हे शेवटचं बोललात की समोरचा लगेच विचारणार तुम्ही कुठले, आणि मग पुढची माहिती फुकट मिळते, कुठला प्लंबर, कुठला डॉक्टर, कोण फसवतो.

बाजार

म्हापशाचा बाजार शुक्रवारी. तसा रोज असतो पण शुक्रवारी आजूबाजूच्या गावच्या बायका आपला माल घेऊन बसतात, मोयऱ्याची केळी, हरमलची मिरची, घरचा गूळ, माठ, तांबडी भाजी, मेमध्ये मानकुराद आंबे. सकाळी आठच्या आत पोचा, अकराला नुसती गर्दी आणि घाम. वजनकाटा सगळ्यांकडे नसतो, वांटो असतो, म्हणजे ढीग, एवढ्या ढिगाचे इतके. बांगडे तर आकड्यावर, शंभराला किती ते विचारायचं. पुण्या-मुंबईसारखं पाव किलो द्या म्हटलं की ती बाई तुमच्याकडे बघते आणि वरून भाव सांगते.

आम्ही कोल्हापूरकर, मटण कळतं, माशातलं ओ की ठो कळत नव्हतं. नावंच वेगळी: सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटां, शिंपल्यांना तिसऱ्यो. पहिल्यांदा मी मासे असेच घेऊन आले, घरी आल्यावर शेजारच्या आंटीने पिशवी उघडून बघितली, एक बांगडा उचलला, गालफड अंगठ्याने वर करून मला दाखवलं, आत चॉकलेटी रंग, मग पोटावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. म्हणाली "हें मांजराक घाल." दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन गेली. गालफड लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, दाबलेली जागा परत वर यायला पाहिजे, आणि वास समुद्राचा यायला पाहिजे, माशाचा नाही. एवढंच. पण तिच्यासोबत जाऊन तीन वेळा बघेपर्यंत माझ्या लक्षात राहिलं नाही. आता मला बघून ती मासेवाली स्वतःच म्हणते की आज नको घेऊ.

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, विणीचा काळ म्हणून बंदी असते. तेव्हा ताजे मासे कमी आणि महाग, खाडीतले मिळतात थोडे. म्हणून मेमध्ये पुरुमेंत भरायचं. हा शब्द पोर्तुगीजातून आलाय, प्रोविमेंतु वरून, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुके बांगडे, सोडे, सुकी सुंगटां, सोलां (आमसुलं), मिरची, कांद्याच्या माळा, उकडे तांदूळ. आता दुकानं बारा महिने उघडी असतात, तसं अडत काही नाही, पण जुलैत चार दिवस झोडपून पाऊस लागला, लाईट गेलेली आणि बाहेर पडवत नाही तेव्हा सुक्या सुंगटांची किसमूर आणि पेज, दुसरं काही नको वाटतं.

फिरायचं कसं

गाडी नसेल तर तीन गोष्टी. प्रायव्हेट बस, छोट्या, कंडक्टर "फाटीं वच, फाटीं वच" (मागे जा) ओरडत माणसं आत कोंबतो, पण म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा देतात, अजूनही. कदंब म्हणजे सरकारी, पणजी-मडगावसारख्या मोठ्या मार्गांवर त्यांची शटल असते, मधे थांबत नाही, तिला रांग लावायची. रात्री आठनंतर गावाकडच्या बसवर भरवसा ठेवू नका, शेवटची बस किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवायचं.

आणि पायलट. आंटीने ह्यांना पहिल्या महिन्यात सांगितलं की उशीर झाला तर पायलट करून ये. तेव्हा मोपाचा विमानतळ सुरू व्हायच्या बातम्या रोज पेपरात, तो जानेवारी २०२३ ला सुरू झाला, त्यामुळे ह्यांना वाटलं ही बाई चेष्टा करते. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पुढचं मडगार्ड पिवळं, मागे बसायचं. भाडं बसायच्या आधी ठरवा. सामान जास्त असेल, गुडघे दुखत असतील तर नको, मी बसत नाही. टॅक्सी महाग आहे, मीटरचं नाव काढू नका, ॲपवरची मिळाली तर बरी पडते.

नदी ओलांडायला फेरीबोट, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. काम नसलं तरी आम्ही कधीतरी रायबंदरहून चोडणला जाऊन परत येतो, संध्याकाळ जाते.

आपली एमएच गाडी आणलीत तर लक्षात ठेवा, बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की नंबर बदलून घ्यावा लागतो, तो मोटर वाहन कायदाच आहे. आपल्या आरटीओची एनओसी आधी घ्यायची, मग इथे टॅक्स भरायचा, आणि जुन्या राज्यातला उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागायचा अर्ज. आमची एमएच-०९ ची जीए-०३ झाली, त्याला तीन चकरा कोल्हापूरला. हे काम इथे यायच्या आधी अर्धं उरकून या, मी मूर्खासारखं नंतर केलं. पण पाटी बदलल्यावर एक फरक झाला, पार्किंगला थांबलं की रूम पाहिजे का, क्रूझ पाहिजे का विचारणारी पोरं बंद झाली.

पहिला महिना: कागदं

भाड्याचं घर घेताना अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, आणि पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म, तो घरमालकाने द्यायचा असतो पण मागे लागा, फोटो-आधार तयार ठेवा. गॅस कनेक्शन असेल तर जुन्या एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर आणा. मतदार यादीत नाव हलवायला फॉर्म ८. वीज इथे सरकारी खात्याची, महावितरण वगैरे नाही, लाईट गेली की १९१२.

विकत घ्यायचं असेल तर सावकाश. एक वर्ष भाड्याने राहा आधी, एक पावसाळा त्या गावात काढा. इथे सातबारा नसतो, फॉर्म एक-चौदा असतो. आणि पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा अजून चालतो, लग्न झालं की सहसा नवरा-बायको दोघांची मिळून मालमत्ता, म्हणजे विकणाऱ्याच्या बायकोची सही पाहिजे, आणि वडिलोपार्जित असेल तर सगळ्या भावंडांची आणि त्यांच्या नवरा-बायकांचीही, त्यातला एक लिस्बनला, एक लंडनला. जागेत मुंडकार असेल, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत घर करून राहिलेला माणूस, तर त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. एजंट हे सांगत नाही. इथलाच वकील करा, कोल्हापूरचा भाचा वकील आहे म्हणून त्याला आणू नका. आम्ही अजून भाड्यानेच आहोत.

दवाखान्याचं नीट ऐका. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगली आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं कव्हर, पण पाच वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा लागतो. बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, १८४२ ला सुरू झालेलं, मोठं आहे, डॉक्टर चांगले, पण २०१८ पासून बाहेरच्या राज्यातल्यांना फी लागते, आणि पाच वर्षं होईपर्यंत आपण बाहेरचेच. तेव्हा आपली मेडिक्लेम बंद करू नका. म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलला अजून सगळे आझिलोच म्हणतात, रिक्षावाल्याला तेच सांगा. इमर्जन्सीला १०८. औषधांची चिठ्ठी आणि रक्तगट पाकिटात, ते कुठेही राहिलात तरी. आणि दयानंद योजनेचे (ज्येष्ठांना सरकार महिन्याला देतं ते) पैसे मिळतील का असं काही जण विचारतात, नाही मिळत, त्याला पंधरा वर्षं इथलं वास्तव्य लागतं, आणि आपण पेन्शनवाले.

पावसाच्या आधी

मेच्या शेवटी हे उरकायचं: कौलं बघून घ्या, पन्हाळी साफ, कपाटातल्या चामड्याच्या चपला-बेल्ट बाहेर काढा नाहीतर ऑगस्टात हिरवी लव आलेली दिसेल. माझ्या एका पैठणीवर ठिपके पडले, तो विषय नको.

आणि पाडेली शोधा. अंगणात माड असेल तर नारळ उतरवायला पाडेली लागतो, तो मिळणं म्हणजे जावई मिळण्यासारखं, सगळ्यांचे नंबर लागलेले. आमच्या घरात चार माड. मालक म्हणाला नारळ तुम्हीच घ्या, आम्ही खुश, पण उतरवणार कोण? एका रात्री वाऱ्यात सुकलेलं झावळ आणि दोन नारळ थेट आमच्या गाडीच्या बॉनेटवर. अजून खळगा आहे. माडाखाली गाडी लावू नका, खुर्ची टाकून पेपर वाचत बसू नका. शेवटी पाडेली आला, सकाळी सातला, पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, चौथ्या माडावर तर तो असा चढला की माझी मान दुखली बघून. माडामागे पैसे घेतो आणि वर दोन नारळ. हे त्याला म्हणाले जरा कमी करा. तो खाली बघून हसला आणि म्हणाला, तूं चड. ह्यांनी लगेच पैसे दिले.

शेजार

आमच्या वाड्यावर क्रूस आहे, मेमध्ये तिथे लादाईन असते, म्हणजे प्रार्थना, मग उकडलेले चणे आणि ज्याला पाहिजे त्याला फेणी. पहिल्या वर्षी बोलावलं तेव्हा आम्ही विचार करत बसलो जायचं की नाही, कळेल का काही. जा. मागे उभं राहा, कुणी काही विचारत नाही. मी पेढे नेले होते, ते चण्यांच्या आधी संपले. नाताळला ताट येतं घरी, नेवऱ्यो (आपल्या करंज्याच), दोदोल, बेबिंका. ताट रिकामं परत करायचं नाही, मी दिवाळीचा चिवडा-चकली देते, त्यांना आपली भाजणीची चकली जाम आवडते.

नोव्हेंबर

पेन्शनरांचं वर्ष नोव्हेंबरात. हयातीचा दाखला. ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांनी नोव्हेंबरात. माझं अख्खं आयुष्य पोस्टात गेलं तरी पहिल्या वर्षी मी बँकेत गेले, इथल्याच एका, बारा पन्नासला, काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघून सांगितलं की तुमचं खातं ह्या ब्रांचचं नाही, होम ब्रांचला जा. कुठल्याही ब्रांचला देता येतो हे मला माहीत होतं, तरी भांडायची ताकद नव्हती. कोल्हापूरला जायची गरज नाही, कुणी काही सांगो. पोस्टमन घरी येऊन करतो, पोस्ट पेमेंट बँकेचे सत्तर रुपये घेतात. किंवा मोबाईलवर स्वतः: जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, खाते नंबर, आधारला जोडलेला मोबाईल हातात. आधी ऑपरेटर म्हणून एकाचा चेहरा, मग पेन्शनरचा. उजेड समोरून पाहिजे, मागे खिडकी नको, चष्मा काढा, डोळे मिटून उघडा सांगेल तेव्हा मिटा.

गेल्या वर्षी मी ह्यांना संध्याकाळी पाचला ओसरीवर उजेडात बसवलं, गोल जमला, आता पापणी मिटवा असं आलं, आणि गल्लीच्या टोकाला पों पों. हे तसेच वळले फाटकाकडे. स्कॅन फेल. मग आधी चार पोळ्या घेतल्या, सुट्टे शोधले, पोदेराने विचारलं काय चाललंय, त्याला सांगितलं, तो टोपलीवर हात टेकून उभा राहिला बघायला, आणि दुसऱ्या खेपेला झालं. एसएमएस आला. हे जिवंत आहेत.